सक्तीचे शौर्य

सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत देशाच्या दुरवस्थेची चर्चा रंगात आली म्हणजे तिचा शेवट बहुधा एका ठराविक वाक्याने होतो. रस्त्यावर कचरा साचलेला असो, परीक्षेत नक्कल झालेली असो, अथवा आगगाडीत दोन तरुणांची जागेवरून हातघाई झालेली असो. चहाचा पेला खाली ठेवीत कोणी तरी गृहस्थ निर्वाळा देतात की, या सर्वांवर उपाय एकच, प्रत्येक तरुणास दोन वर्षे सक्तीने लष्करात धाडावे. बैठक माना डोलविते. हा निर्वाळा देणाऱ्याचे वय पन्नाशीच्या पुढे, म्हणजे त्या कल्पित कायद्याच्या कक्षेबाहेर असते. आणि त्यांचे चिरंजीव पुष्कळदा परदेशी नोकरीत स्थिरावलेले असतात. दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर चढविलेल्या या शौर्याची जात आम्हांस फार दिवसांपासून परिचित आहे. किंबहुना, लपवून काय उपयोग, एके काळी आम्हीही त्याच जातीचे होतो.

बैठकीत एखाद्याने भीत भीत विचारलेच की, 'आणि एखादा मुलगा म्हणाला, मी माणूस मारणार नाही, तर?' तर त्यास मिळणारे उत्तरही ठरलेले असते: 'तुरुंगात टाका म्हणजे शुद्धीवर येईल.' आमचा आजचा वाद या उत्तराशी आहे. सक्तीची भरती मुळात असावी की नसावी, हा मोठा प्रश्न आम्ही आज बाजूस ठेवतो. आक्रमणाच्या प्रसंगी राष्ट्रास तिचा आश्रय करावा लागतो, हे क्षणभर मान्य करू. आमचा प्रश्न याहून अरुंद आहे. असा कायदा असता, जो तरुण म्हणतो, 'देशासाठी सांगाल ते कष्ट करीन, पण मनुष्यवध करणार नाही', त्याचे राज्याने काय करावे? आमचे उत्तर असे की, राज्याने त्याच्या अंतःकरणाची झडती घेऊ नये. इतरांइतकाच भार त्याच्याकडून दुसऱ्या कामाच्या रूपाने उचलून घ्यावा, आणि तेवढ्यावर समाधान मानावे. यापलीकडे राज्य जे करील ते अन्याय्य तर होईलच, पण निरुपयोगीही होईल. हे आम्ही कल्पनेने म्हणत नाही. या गोष्टीचा अनुभव जगाच्या पदरी शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे.

इंग्रजीत अशा मनुष्यास 'कॉन्शन्शस ऑब्जेक्टर' म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही, कारण आपणांकडे सक्तीच्या भरतीचा प्रसंगच आला नाही. या लेखापुरते आम्ही त्यास 'शस्त्रविमुख' म्हणू.

ज्या इंग्लंडचे वाङ्मय व इतिहास शिकविण्यात आमची हयात गेली, त्याच इंग्लंडचा दाखला प्रथम घेऊ. पहिल्या महायुद्धाची दीड वर्षे इंग्रजांनी स्वेच्छेच्या भरतीवर काढली. पुढे माणसे अपुरी पडू लागली तेव्हा जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. आरंभी अविवाहितांस व निपुत्रिक विधुरांस, आणि मे महिन्यापासून विवाहितांसही तो लागू झाला. त्या कायद्यात एक कलम असे होते की, ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीस युद्ध अमान्य असेल त्यास सूट मागता येईल. कलम उदार होते. परंतु सूट द्यावयाची की नाही, हे ठरविण्यासाठी गावोगाव मंडळे नेमली गेली, आणि तेथे त्या उदारतेचा निकाल लागला.

या मंडळांत असत कोण? गावचे नगरपिते, दुकानदार, जमीनदार, वृद्ध प्रतिष्ठित. म्हणजे आपल्या बैठकीतील मंडळीच. त्यांच्या शेजारी लष्कराचा प्रतिनिधी बसे आणि त्यास अर्जदाराची उलटतपासणी करण्याचा अधिकार असे. एक प्रश्न तर इतक्या वेळा विचारला गेला की तो म्हणीसारखा झाला: तुझ्या आईवर अथवा बहिणीवर एखादा जर्मन चालून आला तर तू काय करशील? 'प्रतिकार करीन' म्हटले, तर तुझा युद्धविरोध ढोंगी. 'करणार नाही' म्हटले, तर तू माणूसच नव्हेस! अठरा वर्षांच्या पोरास विवेक कसला असणार, असेही काही मंडळांनी ऐकविले. ज्या वयात विवेक असणे अशक्य, त्याच वयात दुसऱ्याचा प्राण घेण्याची पात्रता मात्र येते, यातील विसंगती त्या प्रतिष्ठितांस जाणवली नाही.

आम्ही तीस वर्षे परीक्षा घेतल्या आहेत. म्हणून या प्रकाराबद्दल थोड्या अधिकाराने बोलतो. तोंडी परीक्षेत ज्ञान कमी आणि जिभेचे चापल्य अधिक मोजले जाते, हे प्रत्येक परीक्षकास ठाऊक असते. मग विवेकाची तोंडी परीक्षा कशी होणार? केंब्रिजचा पदवीधर टॉल्स्टॉयची व येशूच्या पर्वतावरील प्रवचनाची साक्ष काढून आपली बाजू मांडील. पण ज्यास केवळ एवढेच कळते की हे कृत्य आपल्या हातून होणे नाही, तो शेतमजूर चार माणसांसमोर टोपी चुरगाळीत उभा राहील आणि नापास होईल. वास्तविक दुसऱ्याचा विवेक पहिल्याहून निखळ असू शकेल. विवेक ही काही मते नव्हेत की प्रश्नोत्तराने बाहेर काढता येतील. तो कसास लागतो तो एकाच ठिकाणी: मनुष्य त्यासाठी काय सोसावयास तयार आहे. आणि ते तर मंडळाच्या खोलीत दिसत नाही.

इंग्लंडास ते लवकरच दिसले. त्या युद्धात शस्त्रविमुखांची संख्या १६,००० ते २०,००० च्या घरात होती. पुष्कळांनी शुश्रूषापथकांत अथवा शेतीत काम पत्करले. काहींची रवानगी लष्कराच्याच एका निःशस्त्र पलटणीत झाली. काही हजार तुरुंगात गेले. शिक्षा भोगून सुटले की पुन्हा लष्कराचा हुकूम, पुन्हा नकार, पुन्हा तुरुंग, असा त्यांचा फेरा चाले. यॉर्कशरमधील रिचमंडच्या किल्ल्यात अशा सोळा जणांस कोंडले होते. त्यांत क्वेकर होते, मेथॉडिस्ट होते, समाजवादी होते. मे १९१६ मध्ये त्यांस व अशाच इतरांस फ्रान्सला नेण्यात आले. कारण तेथे, रणक्षेत्राच्या हद्दीत, हुकूम मोडण्यास देहान्त शिक्षा होती. तरीही ते बधले नाहीत. जून महिन्यात बूलोन येथे त्यांस सैन्यासमोर उभे करून एकेकाचा निकाल वाचण्यात आला: गोळी घालून देहान्त. वाचणारा थांबला. मग सरसेनापतींनी शिक्षा कायम केल्याचे सांगितले. पुन्हा थांबला. आणि मग सांगितले की, ती कमी करून दहा वर्षे सक्तमजुरी करण्यात येत आहे. अशी शिक्षा एकूण ३५ जणांस झाली.

आता आमच्या बैठकीतील गृहस्थांनी त्या दोन विरामांचा विचार करावा. पहिल्या विरामात ज्याने एक शब्द उच्चारला असता तर त्याचा जीव वाचता, त्या मनुष्यास भ्याड म्हणावयाचे असेल, तर शूर या शब्दास आमच्या कोशात अर्थ उरत नाही. रिचमंडच्या कोठड्यांच्या भिंतींवर शस्त्रविमुखांनी पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे व काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. ज्यांस राष्ट्राने देहान्ताचा धाक घातला, त्यांची अक्षरे त्याच राष्ट्राने पुढे चुना फासून पुसू दिली नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि हे शहाणपण लगोलग आले नाही. १९१८ च्या ज्या मताधिकाराच्या कायद्याने तीस वर्षांवरील स्त्रियांस प्रथम मत मिळाले, त्याच कायद्याने बहुसंख्य शस्त्रविमुखांचा मताधिकार युद्धानंतर पाच वर्षे काढून घेतला. बर्ट्रांड रसेल स्वतः भरतीच्या वयात नव्हते. पण एका शस्त्रविमुख शिक्षकाच्या शिक्षेविरुद्ध पत्रक लिहिले म्हणून १९१६ मध्ये त्यांस शंभर पौंड दंड झाला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजाने त्यांचे अध्यापकपद काढून घेतले. १९४४ मध्ये त्याच कॉलेजाने त्यांस सन्मानाने परत घेतले. आम्हां प्राध्यापक मंडळींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. युद्धज्वर चढला म्हणजे विद्यापीठेही तापतात, आणि ताप उतरावयास कधी कधी अठ्ठावीस वर्षे लागतात.

परंतु इंग्रजांचा गुण असा की, ते चूक उशिरा का होईना, हिशेबात धरतात. १९३९ मध्ये पुन्हा सक्तीची भरती आली तेव्हा पंतप्रधान चेंबर्लेन यांनी पार्लमेंटास सांगितले की, अशा माणसांवर बळजबरी करणे म्हणजे श्रमाचा व वेळेचा अपव्यय आहे, हा मागील युद्धाचा अनुभव आहे. या वेळी मंडळांवर न्यायाधीश नेमले गेले आणि लष्कराच्या प्रतिनिधीस बाहेर ठेवण्यात आले. सुमारे ६०,००० लोकांनी शस्त्रविमुख म्हणून नावे नोंदविली, म्हणजे मागील युद्धाच्या तिपटीहून अधिक. मग इंग्लंड हरले काय? १९४० मध्ये लंडनवर रात्रीमागून रात्र बाँब पडत होते, खाडीपलीकडे शत्रूचे सैन्य उतरण्याच्या तयारीत होते, राष्ट्राचा प्राण कंठाशी आला होता. तेव्हाही ती मंडळे बसत होती आणि सूट देत होती. या निःशस्त्र लोकांपैकी कित्येकांनी, न फुटलेले बाँब उकरून काढून निकामी करण्याचे काम आपण होऊन मागून घेतले. ज्या कामात हात थरथरला की संपले, ते काम मागून घेणाऱ्यांस भ्याड म्हणणे बैठकीतच शक्य आहे.

याउलट २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर युक्रेनने काय केले ते पाहावे. त्या देशाच्या घटनेत धर्मश्रद्धेपायी शस्त्र नाकारणाऱ्यास पर्यायी सेवेचा हक्क दिलेला आहे. परंतु युद्ध पेटल्यावर ती तरतूद प्रत्यक्षात बंद पडली आणि काही श्रद्धाळू तरुणांस तुरुंगाच्या शिक्षा झाल्या. युक्रेनचा पक्ष न्यायाचा होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. जाणूनबुजून आम्ही हे सर्वांत अवघड उदाहरण घेतो. ज्या हक्काची खरी गरज युद्धातच पडते, तो युद्ध आले की गुंडाळून ठेवावयाचा असेल, तर तो घटनेत लिहिण्याचे प्रयोजन काय? छत्री उन्हाळ्यात मिरवावी आणि पाऊस आला की कपाटात ठेवावी, तशी ही गत झाली. आणि संकट मोठे होते म्हणून हे अपरिहार्य झाले, असे म्हणणाऱ्यास १९४० चे लंडन हे पुरेसे उत्तर आहे.

येथवर पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप, भ्याडपणाचा, निकालात निघाला असे आम्ही समजतो. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. तो असा की, शस्त्रविमुख हा दुसऱ्याच्या रक्तावर आपले सोवळे राखतो. शेजाऱ्याचा मुलगा सरहद्दीवर पडतो, आणि त्याने राखलेल्या गावात हा शुचिर्भूत बसतो. या आक्षेपात सत्य आहे, आणि जो शस्त्रविमुख या विचाराने कधी अस्वस्थ होत नाही, त्याच्या विवेकाबद्दल आम्हांसही शंका वाटेल. म्हणूनच आम्ही म्हणतो की, भार समान असावा. पण समान भार म्हणजे तेच काम नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ शस्त्रविमुखांनी आपले देह एका प्रयोगास दिले. चोवीस आठवडे त्यांनी अर्धपोटी राहून हाडांचे सापळे होणे पत्करले. हेतू एवढाच की, युद्धाने उपासमार झालेल्या लोकांस पुन्हा अन्नावर कसे आणावे याचे शास्त्र वैद्यांस कळावे. डेस्मंड डॉस हा ॲडव्हेंटिस्ट पंथाचा तरुण सैन्यात गेला, पण बंदुकीस हात लावीना. आरंभी सोबत्यांनी त्याची पुष्कळ विटंबना केली. मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावरील एका कड्यावरून त्याने सुमारे ७५ जखमी सैनिक एकट्याने, दोराने खाली उतरविले, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यास अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक दिले. त्या ७५ घरांतून कोणी त्यास रक्त चोरणारा म्हटले असते काय?

तिसरा आक्षेप तर्कपंडितांचा: सर्वांनीच असे म्हटले तर? आमचे उत्तर सरळ आहे. सर्व म्हणत नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात पन्नास लाखांहून अधिक लोक होते; शस्त्रविमुख वीस हजारांपुढे गेले नाहीत. आणि हाच तर्क दुसरीकडे लावून पाहा. सर्वच तरुण प्राध्यापक झाले तर शेती कोण करील? म्हणून कोणी प्राध्यापक होण्यास बंदी केली नाही. शिवाय खरोखरच एखाद्या राष्ट्रातील बहुसंख्य तरुण एखाद्या युद्धास 'नाही' म्हणू लागले, तर दोष तरुणांत शोधण्यापूर्वी त्या युद्धात शोधावा, हे अधिक शहाणपणाचे.

चौथा आक्षेप आपल्या घरचा आहे. पंडित मंडळी गीतेकडे बोट दाखवितात: अर्जुनाने धनुष्य टाकले, भगवंतांनी ते त्याच्या हाती परत दिले, मग शस्त्रविमुखतेस हिंदुधर्मात थारा कोठे? आम्हांस वाटते, ही मंडळी गीता वाचतात पण महाभारत वाचीत नाहीत. प्रथम हे पाहावे की, अर्जुन शस्त्रविमुख नव्हता. त्याने आयुष्यभर युद्धे केली होती. मारणे हे पाप, असे त्याचे म्हणणे नव्हते, समोर आपले आप्त आहेत एवढेच त्याचे दुःख होते. उद्या परके उभे राहिले असते तर तो लढलाच असता. दुसरे असे की, अठरा अध्यायांचा उपदेश संपल्यावर भगवंतांनी त्यास आज्ञा केली नाही; हे सर्व नीट विचारात घे आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असा निर्णय त्याच्यावरच सोपविला. प्रत्यक्ष ईश्वराने जो विवेक मोकळा ठेवला, तो तालुक्याच्या कचेरीने बांधून घालावा काय?

आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे. त्या युद्धात दोन भावांनी शस्त्र धरण्याचे नाकारले होते. बलरामास दोन्ही पक्ष सारखेच जवळचे. तो युद्ध सोडून सरस्वतीच्या काठी तीर्थयात्रेस निघून गेला. त्याच्या बाहुबलाविषयी कोणास शंका नव्हती, आणि व्यासांनी त्यास भ्याड म्हटलेले नाही. श्रीकृष्णांनी शस्त्र न धरण्याच्या अटीवर सारथ्य पत्करले. भीष्मांसमोर एकदा तो नेम मोडण्याची वेळ आली, ही कथा आम्हांस ठाऊक आहे; परंतु त्यामुळे मूळ नेमाची थोरवी कमी होत नाही. घोड्यांचे खरारे करणे, बाण उपसणे, रथ हाकणे, हे काम त्यांस हलके वाटले नाही. एक भाऊ युद्धापासून सर्वस्वी दूर राहिला, दुसऱ्याने निःशस्त्र सेवा केली. १९१६ च्या इंग्लंडात शस्त्रविमुखांचे जे दोन पंथ पडले, ते आमच्या इतिहासकारांनी कुरुक्षेत्रावर आधीच दाखवून ठेवले होते. मग आमची संस्कृती हे सोशीत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता कायदा कसा असावा, ते पाहू. येथे जर्मनीचा धडा घ्यावा, कारण तो फार महाग किमतीस विकत घेतलेला आहे. हिटलरच्या राज्यात शस्त्र नाकारणाऱ्यास देहान्त होता. यहोवाच्या साक्षीदारांपैकीच दोनशेंहून अधिक लोक त्यापायी मारले गेले. ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याचा ९ ऑगस्ट १९४३ रोजी शिरच्छेद झाला. घरी बायको व लहान मुली होत्या. पाद्र्यांनी समजाविले, अधिकाऱ्यांनी समजाविले. एकटा मनुष्य, सर्व शहाणे विरुद्ध. आणि आज आपण पाहतो की शहाणे चुकले होते व शेतकरी बरोबर होता. २००७ मध्ये त्याच्या चर्चने त्यास धन्य म्हणून घोषित केले. कोणी म्हणेल, हिटलरचे राज्य पापी होते, आमचे तसे नाही. परंतु त्या काळच्या बर्लिनातील बैठकीही माना डोलवीत हेच म्हणत होत्या. आपले युद्ध न्यायाचे आहे असे प्रत्येक राज्यास वाटते. म्हणूनच या गोष्टीचा निर्णय राज्याच्या स्वतःच्या प्रशस्तिपत्रावर ठेवता येत नाही.

हे उमगले म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेत, अजून नवे सैन्यही उभे राहिले नव्हते तेव्हा, असे लिहिले गेले की, विवेकाविरुद्ध कोणासही सशस्त्र लष्करी सेवा करावयास लावता येणार नाही. पुढे १९५६ मध्ये सक्तीची भरती आली, आणि १९६१ पासून शस्त्रविमुखांस इस्पितळांत, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या शुश्रूषेत काम देण्यात येऊ लागले. तेथेही आधी विवेकाच्या तोंडी परीक्षा होत्या. १९८३ च्या कायद्याने बहुतेकांची ती परीक्षा बंद केली आणि त्याऐवजी सेवेची मुदत वाढविली. २००४ पासून दोघांची मुदत सारखी झाली. फळ काय झाले? १९९० नंतरच्या दशकात वर्षास लाखाहून अधिक तरुण या सेवेत होते. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली तेव्हा सैन्याइतकीच चिंता इस्पितळांस व वृद्धाश्रमांस पडली, आणि त्यांच्यासाठी सरकारास स्वेच्छासेवेची नवी योजना काढावी लागली. ज्यांस फुकटे म्हणून हिणविले होते, ते गेल्यावर त्यांची जागा रिकामी दिसली.

याच्या उलट बाजूस दक्षिण कोरिया. तेथे १९५० नंतरच्या काळात १९,००० हून अधिक शस्त्रविमुख तुरुंगात गेले. त्यांत बहुतेक यहोवाचे साक्षीदार. काही घरांतून बाप गेला, मग मुलगा गेला. इतक्या वर्षांत तुरुंगाने त्यांस 'शुद्धीवर' आणले काय? मुळीच नाही. दर वर्षी नवे तरुण ठरलेल्या दीड वर्षाच्या शिक्षेची तयारी करून न्यायालयात उभे राहत. अखेर जून २०१८ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने पर्यायी सेवेची तरतूद नसलेला कायदा घटनाबाह्य ठरविला. २०२० मध्ये पर्यायी सेवा सुरू झाली, पण कशी? सैनिकास अठरा महिने, तर यास छत्तीस. आणि कामाचे व राहण्याचे ठिकाण तुरुंगाच्याच आवारात! तुरुंगातील कैदी तुरुंगातील नोकर झाला, एवढेच काय ते परिवर्तन. यास आम्ही समान भार म्हणत नाही. हा दंडच आहे, नाव बदलले आहे.

यावरून आमचे मागणे स्पष्ट होईल. ज्याने नकार दिला त्याचा लेखी शब्द प्रमाण मानावा. त्यास सैनिकाइतक्याच मुदतीचे, सैनिकाइतक्याच वेतनाचे, लष्कराच्या हुकमतीबाहेरचे लोकोपयोगी काम द्यावे, आणि काम खरोखर कष्टाचे असावे. ज्यास केवळ कष्ट चुकवावयाचे असतील तो तेथे फसेल. ज्यास वध चुकवावयाचा असेल तो तेथे फुलेल. खऱ्या-खोट्याची निवड प्रश्नपत्रिकेपेक्षा रुग्णाच्या खाटेशेजारी अधिक चांगली होते.

वाचक म्हणतील, आमच्या देशात सक्तीची भरती नाही, सैन्य स्वेच्छेचे आहे. मग हा उठाठेवीचा विषय कशास? एक तर जगाचा वारा फिरला आहे. लिथुएनियाने २०१५ मध्ये, स्वीडनने २०१७ मध्ये, लॅट्व्हियाने २०२३ मध्ये बंद केलेली सक्ती पुन्हा आणली. दुसरे, आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीस बंदी करतानाच, सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्यास दिलेली आहे. २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. उद्या हे दोन अनुच्छेद समोरासमोर आले तर काय करावयाचे, याचा विचार तोफा सुरू होण्यापूर्वीच केलेला बरा. तिसरे, सक्तीची थोडी चव आपण घेतलेली आहे. १९६२ च्या चीनयुद्धानंतर, १९६३ मध्ये कॉलेजातील मुलांस एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्या पिढीतील वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे की, कवायतीत ध्यान हजेरीच्या पुस्तकाकडे असे. यात नवल नाही. सक्तीच्या हजेरीने वर्गात काय येते, हे आम्ही रोज पाहतो: देह येतो.

आणि विवेकाची परंपरा आपल्या भूमीत परकी नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारास विनोबांनी युद्धात सहकार्य न करण्याविषयी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला, आणि थोड्याच दिवसांत त्यांस अटक झाली. त्यांस कोणी पलटणीत बोलाविले नव्हते. तरी आपल्या संमतीवाचून आपल्या नावाने युद्ध चालावे, हे त्यांस सोसवले नाही. त्या दिवशी जो हक्क परकीय सरकारने नाकारला, तोच आपण आपल्या मुलांस स्वकीय सरकारच्या नावाने नाकारावा, असे बैठकीतील मंडळींस वाटत असेल, तर त्यांनी तसे मोकळेपणी म्हणावे.

शेवटी एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास जवळची म्हणून सांगतो. असा कायदा उद्या झाला आणि विवेकाच्या परीक्षेची मंडळे नेमली गेली, तर त्यांवर बसावयास सरकार कोणास बोलावील? आम्हांसच: प्राध्यापक, वकील, निवृत्त अधिकारी, गावचे प्रतिष्ठित. समोर उभा राहील आमच्याच वर्गातील एखादा मुलगा. मागल्या बाकावरचा, बोलताना अडखळणारा. त्यास आईचा व जर्मनाचा तोच जुना प्रश्न विचारून, घड्याळाकडे पाहत, आम्ही पाच मिनिटांत त्याच्या अंतःकरणाचा निकाल द्यावयाचा. त्या खुर्चीचे निमंत्रण आले तर आम्ही ते परत करणार आहोत. वाचकांपैकी ज्यांस तीवर बसणे मानवणार असेल, त्यांनी त्यापूर्वी आपल्या घरातील अठरा वर्षांच्या मुलाकडे एकदा नीट पाहावे, एवढीच विनंती.